पंचेचाळीसचं गाणं, तेहतीसची चाल

"मूळ ते मूळ, नक्कल ती नक्कल. हा फरक ज्या समाजाला कळतो तो समाज टिकतो, बाकीचे नुसते वाजत राहतात," डॉक्टर निसळ माइकसमोर म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की माइक चालू नाही.

माइक चालू झाल्यावर त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. थोर वाक्याची अडचण अशी, की ते दुसऱ्यांदा म्हटलं की सूचनेसारखं वाटतं. मागच्या रांगेतले एक गृहस्थ तर उठून बाहेर जाऊन आपल्या चपला बघून आले.

नगरमधलं एक मंगल कार्यालय. आषाढाचे दिवस, मुहूर्त नाहीत, त्यामुळे रविवार सकाळसाठी हॉल मिळालेला. स्टेजवर मागच्या लग्नातली थर्मोकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं काढायची राहून गेली होती आणि त्यांच्या खाली कापडी फलक होता: 'वेस्टर्न म्युझिक सर्कल, अहमदनगर. गाणं एक, गाणारे अनेक.' लांबून बघणाऱ्याला सर्कलचंच लग्न आहे असं वाटलं असतं.

सर्कलचे सभासद माझ्यासकट सात. त्यातले दोघं डॉक्टरांच्या बायकोच्या हातच्या कटलेटसाठी यायचे, आणि हे ते लपवत नसत. उरलेल्यांना डॉक्टर दर महिन्याला एक गाणं ऐकवत. दर महिन्याला तेच. डॉक्टरांकडे इंग्रजी रॉक संगीताची एकच तबकडी होती. थोरल्या भावानं इंग्लंडहून येताना आणलेली, लहानशी, साध्या कागदी पाकिटातली. बँडचं नाव 'द टिन शेफर्ड्स' आणि गाण्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'नदीला सांगा, मला उशीर होईल'. गाणं मोठं गाजलेलं होतं असं डॉक्टर सांगत. आम्ही मान डोलवत असू. नगरमध्ये तेव्हा ते खोटं ठरवायला कुणाकडे काही साधन नव्हतं.

मी परीक्षक होतो. मला संगीतातलं काही कळत नव्हतं आणि ते गावाला माहीत होतं. मी एका स्थानिक दैनिकात आठवड्याचं विनोदी सदर लिहायचो आणि त्यात सर्कलवर दोनदा लिहून झालं होतं. तिसऱ्यांदा लिहू नये म्हणून मला परीक्षक केलं. विनोदी लेखकाला गप्प करायचे दोन मार्ग असतात, खटला आणि सत्कार. डॉक्टर कनवाळू होते.

दुसऱ्या परीक्षक पुण्याच्या मिस कार्व्हालो. कॅम्पात पियानो शिकवायच्या. काटक बाई, पांढरे आखूड केस, मांडीवर काळी पर्स धरून ताठ बसलेल्या. तिसरे परीक्षक स्वतः डॉक्टर. नियम एकच होता: सर्व स्पर्धकांनी तेच एक गाणं सादर करायचं, आणि जो मुळाच्या सर्वांत जवळ जाईल तो पहिला.

स्पर्धक तीन होते, आणि त्यातला तिसरा यायला नको होता.

आठवडाभर आधीची गोष्ट. मी भिंगारला डॉक्टरांच्या दवाखान्यात घसा दाखवायला गेलो होतो. तिथं एक तिशीची बाई आली, मागे एक जाडसर मिशाळ गृहस्थ. बाईच्या काखेत क्लॅरिनेटची लांबट काळी पेटी.

"डॉक्टर, स्पर्धेत नाव घालायचंय," ती म्हणाली. "इम्मॅन्युएल ब्रास बँड, भिंगार."

डॉक्टरांनी माझ्या घशावर धरलेली बॅटरी तशीच ठेवून तिच्याकडे पाहिलं. "रूथ, ही रॉक संगीताची स्पर्धा आहे. वरात नाही."

"गाणं तेच आहे ना? नदीचं? आम्ही वाजवतो ते."

हे खरं होतं. रूथचे वडील, एलिशा उजागरे, लष्करी बँडातून निवृत्त होऊन आलेले. त्यांनी भिंगारमध्ये स्वतःचा बँड काढला. शेवटची काही वर्षं छातीच्या दुखण्याचं इंजेक्शन घ्यायला ते दर रविवारी या दवाखान्यात यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. वर डॉक्टरांचं घर, खिडकी उघडी, आत रेडिओग्रामवर तेच गाणं. म्हाताऱ्यानं ते बाकावर बसून उचललं आणि पाठवणीला वाजवायला घेतलं. पाठवणीची जुनी धून लोकांना पाठ झाली होती, कुणी रडेना. नदीचं गाणं सुरू केल्यावर भिंगारपासून पाथर्डीपर्यंत लोक पुन्हा व्यवस्थित रडायला लागले. ते कुठल्या देशाचं, कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. नवरी गेटातून निघाली की ते वाजतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि तेच त्यांना खुपत होतं. "तुम्ही त्याची वरात केलीत," ते म्हणाले.

"मग घालू नका नाव. नियमात लिहिलंय का बँड चालणार नाही म्हणून?"

नियमात लिहिलेलं नव्हतं. नियम डॉक्टरांनीच केले होते आणि असं कुणी येईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले. माझं तोंड उघडंच होतं, पण त्यात चमचा होता.

"घालू द्या नाव," मागचे मिशाळ गृहस्थ म्हणाले. "हिचा एकदा निकाल लागू द्या."

हे याकोब साळवे, रूथचे सख्खे मामा, बँडात कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवणारे. "दाजी गेले ईस्टरच्या आधी," ते मला समजावून सांगायला लागले. डॉक्टरांना सांगून उपयोग नाही हे त्यांनी ओळखलं असावं. "तेव्हापासून बँडमास्तरची काठी हिनं धरलीय. तालमीत धरली, आम्ही काय बोललो नाही. पण तुळशीचं लग्न झालं की सीझन. वरातीच्या म्होरं बाई चालणार? टोपी घालून? लोक नवऱ्याकडं बघतील का हिच्याकडं?"

"वाजवणाऱ्याकडं कोण बघतं मामा," रूथ म्हणाली. "तुमच्याकडं कधी कुणी बघितलं?"

"मला मिशी आहे."

"ती कॉर्नेटाला लागते."

"बघितलं ना? ही अशी." मामांनी हात जोडले. "मी म्हटलं, ठीक आहे. ह्या शिकलेल्या लोकांची स्पर्धा आहे. जिंक, मग काठी तुझी, जन्मभर, मी एक शब्द बोलणार नाही. हरलीस तर काठी माझ्याकडं, आणि तू शाळेत पोरांना शिकवतीस ते शिकव. क्लॅरिनेट चर्चमध्ये वाजव, कोण नको म्हणतंय."

"कबूल आहे का?" मी चमचा काढून रूथला विचारलं.

"बाबा असते तर असं बोलायची यांची छाती झाली नसती," ती म्हणाली. "पण कबूल आहे."

तर असा तो रविवार. डॉक्टरांचं भाषण संपत नव्हतं. मूळ गायकाच्या आवाजावर ते आले होते. हे प्रकरण आम्हाला पाठ होतं. तो गायक बहुधा गोदीत ओझी वाहणारा असावा. त्याच्या खर्जात कोळशाची पूड आहे. गाणं संथ आहे कारण दुःख संथ असतं. त्या माणसाचं काहीतरी नदीत बुडालेलं आहे, काय ते तो सांगत नाही.

"आणि काही तरुण मंडळी," डॉक्टर पहिल्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांकडे बघत म्हणाले, "हेच गाणं धावत सुटल्यासारखं म्हणतात. मी त्यांना समजावलं. त्यांच्याकडे कुठलीशी टेप आहे, तिच्यावर म्हणे एक मुलगी हे गाणं गाते. बाळांनो, ती नक्कल आहे. गाजलेल्या गाण्याच्या नकला निघतातच. आज तुम्ही मूळ ऐका."

कॉलेजच्या ग्रुपचा म्होरक्या गुगळ्यांचा प्रदीप. कापडाच्या दुकानवाल्यांचा मुलगा. केस खांद्यापर्यंत, गळ्यात गिटार. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "ऐकवा सर."

डॉक्टरांचा रेडिओग्राम कपाटाएवढा होता, तो हलवता आला नव्हता. म्हणून मिस कार्व्हालोंनी पुण्याहून येताना आपला छोटा ग्रामोफोन आणला होता. डॉक्टरांनी तबकडी दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी, त्यांच्या हातात दिली. बाईंनी तिच्यावरचं लेबल चष्म्याखालून वाचलं, ग्रामोफोनच्या कडेची एक लहानशी दांडी सरकवली आणि सुई ठेवली.

आणि एक मुलगी गायला लागली.

एकोणीस-वीस वर्षांची असेल. आवाज स्वच्छ, खट्याळ, आणि गाणं असं की पायांना आवरेना. ढोल टणाटण, गिटारी एकमेकींच्या पाठी लागलेल्या. ती मुलगी नदीला उशीर होईल म्हणून सांगत होती, पण तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. उलट तिकडे जायचंच नाही असं तिचं ठरलेलं दिसत होतं.

"चुकीची लागली," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हीच दिली," मिस कार्व्हालो म्हणाल्या.

"मग काहीतरी बिघडलंय."

"नाही बिघडलं. ही पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी आहे डॉक्टर. लहान असते ती पंचेचाळीसची. लेबलवर छापलंय, बघा. तुम्ही घरी कशावर लावता?"

डॉक्टरांनी तबकडीचं रिकामं पाकीट उलटून बघितलं.

"मोठ्या तबकड्या तेहतीसवर चालतात. दांडी तेहतीसवर राहिली असेल. मग ही सावकाश फिरणार, आणि आवाज खाली जाणार." बाईंनी दांडी मागे सरकवून दाखवली. हॉलमध्ये पहिल्यांदा आमच्या ओळखीचा गोदीकामगार गायला लागला. तेच दुःख, तीच कोळशाची पूड. त्यांनी दांडी पुन्हा पुढे केली, मुलगी परत आली. बाईंनी हे दोन-तीनदा केलं. मला वाटतं, त्यांना मजा येत होती.

सर्कलचे सभासद एकमेकांकडे बघत होते. इतकी वर्षं दर महिन्याला आम्ही डोळे मिटून ज्याचं दुःख वाटून घेतलं तो माणूस जन्मालाच आला नव्हता. कटलेटवाल्या दोघांना त्यातल्या त्यात कमी धक्का बसला.

"सर, आमची टेप," प्रदीप गुगळे म्हणाला. आवाजात नम्रता होती. ती ठेवायला त्याला फार कष्ट पडत होते.

डॉक्टर निसळ हे नगरमधले नाव असलेले डॉक्टर. निदान चुकलं तर रोग्यानं रोग बदलावा अशा बाण्याचे. त्यांनी माइक धरला. "कंपनीकडून लेबल छापताना चूक झालेली दिसते," ते म्हणाले. "स्पर्धा सुरू करू या."

"आणि ती मुलगी?" मिस कार्व्हालोंनी विचारलं. "तीपण छापताना आली?"

"पहिले स्पर्धक," डॉक्टर म्हणाले.

पहिल्या सौ. शकुंतलाबाई देवचक्के. नगरच्या भावगीत-गायिका. त्यांनी गाण्याचं मराठी केलं होतं आणि ते पेटीवर बसवलं होतं. आता नियमाप्रमाणे संथ म्हणावं की जलद, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, संथ. मिस कार्व्हालो म्हणाल्या, जलद. शकुंतलाबाई म्हणाल्या, "मग मी मध्यलयीत म्हणते," आणि त्यांनी मूळ गाण्यात नसलेल्या दोन कडव्यांसकट ते म्हटलं. एक कडवं सासरी निघालेल्या मुलीचं होतं आणि एक श्रीकृष्णाचं. कुणी थांबवायचा प्रयत्न केला नाही. श्रीकृष्णाला थांबवणार कोण.

त्यानंतर प्रदीपचा ग्रुप. ती पोरं तबकडीबरहुकूम वाजवत होती. दोन महिने ज्यांना चुकलात चुकलात म्हणून सांगितलं गेलं होतं, ती आता डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा भिडवून वाजवत होती. प्रदीप बायकी आवाजात गात होता. एरवी पब्लिकनं हुर्यो केली असती, पण मूळ गाणं ऐकलं होतं, त्यामुळे सगळे आदरानं ऐकत राहिले. एका ठिकाणी मूळ गाण्यातली मुलगी श्वास घेते, तिथं प्रदीपनंही घेतला. मिस कार्व्हालोंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद उलटा ठेवला.

ग्रुपचं झाल्यावर डॉक्टरांनी मला बँडला बोलवायला मागे पाठवलं. कार्यालयाच्या स्वयंपाकघरात बँड उभा होता. जरीची उतरलेली झालर असलेले लाल कोट, मोठ्या पातेल्यांच्या मधे. रूथनं वडिलांचा कोट घातला होता. बाह्या दुमडलेल्या. काखेत काठी, हातात क्लॅरिनेट.

याकोबमामा तिला सांगत होते, "पळव. ऐकलंस ना सगळ्यांनी ऐकलं ते? पळव. पोरांना येतंय, मग आपण काय कमी आहोत? जलद वाजवायला काय लागतं? मी घेतो पुढनं, तू नुसतं मागं ये."

"सावकाशच वाजवायचं."

"हसतील."

"हसू दे."

"अगं ते चुकीचं आहे. त्या डॉक्टरनं चुकीचं लावलं, दाजींनी चुकीचं ऐकलं. आता सगळ्या गावापुढं उघडं पडलं. चुकीचं वाजवायला जायचं का?"

"मामा, पाठवणीला पोरगी पळत जाती का?"

"इथं कुठली पोरगी चाललीय? इथं स्पर्धा आहे. काठीचं काय ठरलंय ते ध्यानात आहे ना तुझ्या?" मामांनी ढोलवाल्याकडे पाठ केली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मी तुझ्याच बाजूनं सांगतोय, रूथे. पळवलंस तर जिंकशील. मग मला काही बोलता येणार नाही."

मला हे नवीन होतं. मिशाळ माणसाच्या पोटात काय चाललं आहे ते मिशीमुळे कळत नाही.

"बाबांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं हे बरोबर आहे का," रूथ म्हणाली. "त्यांनी पाठवणीला वाजवून बघितलं. मला जिंकायचंय मामा. पण दुसऱ्याचं वाजवून जिंकून काठी घ्यायची, तर ती वरातीत हातात धरून मी काय वाजवू? तेच पळतं गाणं? आणि नवरीच्या आईनं काय करायचं, नाचायचं?"

ढोलवाला हसला. मामांनी त्याच्याकडे बघितल्यावर ढोलाची दोरी आवळायला लागला.

"चला साहेब," रूथ मला म्हणाली. "आलो म्हणून सांगा."

स्टेजवर त्यांना जागा पुरेना, म्हणून ते हॉलच्या मागच्या बाजूला, लोकांच्या आणि दाराच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहिले. तीच त्यांची नेहमीची जागा होती. रूथनं काठी उचलली, खाली आणली, आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

मला संगीतातलं कळत नाही, हे मी सांगितलंच आहे. ते तेहतीसच्या चालीनं सुरू झालं. आधी नुसता ढोल, पाऊल टाकताना थबकावं तसा. मग क्लॅरिनेट, आणि त्याच्या खालून कॉर्नेटचा भरीव आवाज. डॉक्टरांच्या रेडिओग्रामवर हे गाणं दुःखी वाटायचं, पण ते दुःख परक्या माणसाचं होतं, खुर्चीत बसून ऐकण्याजोगं. हे तसलं नव्हतं. माझ्या शेजारच्या रांगेत आमच्या सासूबाई बसल्या होत्या. सर्कलवर टीका करायला म्हणून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला. मग मी मागे पाहिलं तर बायकांच्या रांगाच्या रांगांत पदर वर गेलेले. शकुंतलाबाईंचाही. कुणाची पाठवणी नाही, मुहूर्त नाही, आषाढ महिना, आणि सगळ्याजणी पोरगी सासरी निघाल्यासारख्या बसलेल्या.

तेवढ्यात बाहेर लोखंडाचा करकर आवाज आला. कार्यालयाचे पहारेकरी इमामभाई झोपेतून उठून मोठं फाटक उघडत होते. ती धून वाजली की मोठं फाटक उघडायचं, ही त्यांची कामाची सवय. त्यांनी दोन्ही दारं भिंतीला लावली, बाजूला झाले, टोपी नीट केली, आणि नवरी कुठं आहे ते बघायला लागले.

मिस कार्व्हालोंनी पर्समधून रुमाल काढला. नाक शिंकरलं आणि पुटपुटल्या, "सगळं चुकीचं वाजवलं." त्यांनी हे अशा स्वरात म्हटलं की ती तक्रार आहे की नाही ते मला कळलं नाही.

वाजवून झाल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. पाठवणीला कुणी टाळ्या वाजवत नाही.

परीक्षकांचा विचारविनिमय स्टेजवरच्या टेबलाशी झाला. डॉक्टरांचा चेहरा उजळलेला होता. "पहिला नंबर भिंगारचा बँड," ते हळू आवाजात म्हणाले. "मुळाच्या सर्वांत जवळ."

"कुठल्या मुळाच्या?" मिस कार्व्हालो.

"मी इतकी वर्षं ऐकतोय त्या."

"ते मूळ नाही डॉक्टर. तुमची दांडी आहे. नियम तुम्ही केला, मुळाच्या जवळ. त्या पोरांनी श्वाससुद्धा बरोबर घेतला. मला नंबर त्यांना द्यावा लागेल." त्यांनी उलटा ठेवलेला कागद सुलटा केला. "मला ते आवडलं नाही, हेसुद्धा मी लिहिलंय. पण नियम आहे."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. विनोदी लेखकाला गंभीर प्रसंगी विचारलं की तो आधी दोन्ही बाजूंचं ऐकल्याचा आव आणतो, तो मी आणला. मग म्हटलं, "बँड."

"कारण?" मिस कार्व्हालोंनी विचारलं.

"सासूबाई," मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

डॉक्टर माइककडे गेले. आता माइक चालू होता. "पहिलं पारितोषिक," ते म्हणाले, "इम्मॅन्युएल ब्रास बँड, भिंगार. मूळ गाण्याशी सर्वाधिक इमान राखल्याबद्दल. आज इथं काही लोकांनी मुळाविषयी शंका उपस्थित केल्या. या बँडनं त्यांना उत्तर दिलेलं आहे."

त्यांच्या हातात ढाल होती, लाकडी, मधे पितळी वीणा. डॉक्टरांची तबकडी, त्यांचा खर्ज, गोदीकामगार, सगळं त्या ढालीबरोबर सुखरूप घरी जाणार होतं. ढाल रूथनं घेतली की संपलं. याकोबमामा खाली बघत होते. त्यांच्या दृष्टीनं पैज संपली होती आणि ते हरले होते. हरल्याचं त्यांना फारसं वाईट वाटत होतं असं दिसलं नाही.

रूथ स्टेजपर्यंत आली, पण वर चढली नाही.

"डॉक्टर, हे कशाबद्दल म्हणालात?"

"मुळाबरहुकूम वाजवल्याबद्दल."

"मूळ आत्ता सगळ्यांनी ऐकलं. आम्ही तसं कुठं वाजवलं?"

"ते चुकीच्या वेगानं..."

"ते बरोबर होतं. तुमच्या घरचं चुकीचं होतं." तिचा आवाज शाळेत पोरांना पाढे सांगताना असावा तसा होता. "माझ्या बाबांनी चुकीचं ऐकलं, आणि त्यांना ते पाठवणीचं वाटलं, म्हणून त्यांनी तसं बांधलं. तबकडीसारखं वाजवलं म्हणून बक्षीस असेल तर ते गुगळ्यांच्या प्रदीपचं आहे. त्याला द्या. त्यानं मेहनत घेतलीय."

"रूथ, घे ना," डॉक्टर माइक बाजूला करत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणालातरी विनवत असावेत, कारण ते त्यांना नीट जमत नव्हतं. "तूच पहिली आहेस. दोन मतं आहेत."

"तुमच्या दांडीची साक्ष द्यायला मी आलेली नाही डॉक्टर."

"मग तुझा बँड हरला असं लिहावं लागेल."

"लिहा."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. प्रदीप गुगळे उभा राहिला आणि बसला. त्याला हवं होतं ते मिळत होतं, आणि ते कसं घ्यायचं ते कळत नव्हतं. मी याकोबमामांकडे बघत होतो. पैज त्यांच्याही ध्यानात आली होती. त्यांची मान वर झाली.

रूथ मागे वळली आणि बँडच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मामा, मी हरले."

"ऐकलं मी."

"काठी तुमची होते."

"होते."

"देत नाही," रूथ म्हणाली. तिनं काठी काखेत घट्ट धरली. "शब्द दिला होता, मोडते. वरातीच्या म्होरं मीच चालणार. टोपी घालून. ज्याला बघायचं त्यानं बघावं. पाहिजे असेल तर या सगळ्यांसमोर हातातनं काढून घ्या."

मामांनी कॉर्नेटचं तोंड कोटाच्या बाहीला पुसलं. मग पुन्हा पुसलं. माणूस विचार करत असला की त्याच्या हाताला काहीतरी काम लागतं, आणि कॉर्नेट तर केव्हाच स्वच्छ झालं होतं. मग ते रूथच्या अंगावरून पुढे गेले. सगळा हॉल बघत होता. ते तिच्या समोर थांबले नाहीत. बँडच्या दुसऱ्या ओळीत उजव्या टोकाला त्यांची नेहमीची जागा होती, तिथं जाऊन उभे राहिले आणि कॉर्नेट तोंडाला लावलं.

ते लगेच खाली घेतलं. "किती वेळ उभं ठेवतीस?" ते म्हणाले. "ओठ सुकतात."

बँडमधल्या कुणी हसलं नाही. सगळ्यांनी वाद्यं उचलली. रूथनं कोटाच्या खिशातून वडिलांची टोपी काढली, ती घातली, कानांपर्यंत खाली आली ती थोडी मागे सारली, आणि काठी वर नेली. समोर इमामभाईंनी उघडलेलं फाटक होतं, पलीकडे नगरचा रस्ता.  सासूबाईंनी पदर पुन्हा तयार ठेवला होता.

काठी वरच होती, ती खाली यायला तयार नव्हती. रूथनं फाटकाकडे पाहिलं, मग मान वळवून हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. मी खुर्चीत ताठ झालो. दोन मतांतलं एक माझं होतं, हे तिनं ओळखलं असणार. अशा वेळी माणसानं काय बोलावं, ते मी मनातल्या मनात जुळवायला घेतलं. शर्टाची कॉलर सारखी केली.

"साहेब," रूथ म्हणाली.

"बोला," मी उभा राहिलो.

"फाटकातली ती निळी स्कूटर तुमची ना? जरा बाजूला घेता का? ढोल निघत नाही."